पनवेलची गोष्ट सांगायची कुणाला?

रेल्वे यायच्या आधी मुंबईहून पुण्याला जायचं म्हणजे होडीने पनवेलच्या बंदरात उतरायचं आणि पुढे खोपोलीवरून बोरघाट चढायचा. 1830 साली घाटातून गाडीरस्ता झाला आणि पनवेलला बरे दिवस आले. 1863 मध्ये आगगाडी कर्जतवरून घाट चढली आणि बंदर मागे पडलं. पुढे गोव्याचा हमरस्ता इथूनच फुटला, कोकण रेल्वे आली, कळंबोलीला एक्स्प्रेस-वेचं तोंड आलं. आता उलव्याची टेकडी सपाट करून बांधलेल्या विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून विमानंही उडू लागली आहेत. इतकी सोय असूनही पनवेलला म्हणून कुणी येत नाही. सगळे पनवेलवरून जातात.

अशा गावातली एक मुलगी लंडनला जाऊन प्रवासलेखन शिकायचं म्हणते, तेव्हा घरात वाद होणारच. मुलगी सव्वीस वर्षांची. बेलापूरच्या एका कचेरीत बसून पर्यटन कंपन्यांसाठी मजकूर लिहिते. वाद घालणारा तिचा मामा, एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेला. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या गाड्या फलाटाला लावल्या, आणि लायब्ररीतलं प्रवासवर्णनांचं कपाट वाचून संपवलं. मी त्यांचा शेजारी. चहाच्या निमित्ताने मध्ये बसतो, म्हणून दोन्ही बाजू माझ्या कानावर आल्या. त्या इथे थोड्या माझ्या पद्धतीने लावल्या आहेत.

मामा : आधी आकडा सांग.

भाची : फी वीस-बावीस हजार पौंड. राहण्याखाण्याचं वेगळं. लंडनमध्ये राहायचं तर नऊ महिन्यांच्या खर्चाची रक्कम सलग 28 दिवस खात्यात आहे असं दाखवावं लागतं. शिवाय तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी वर्षाला 776 पौंड व्हिसाच्या अर्जाबरोबरच भरायचे.

मामा : पौंड केव्हाच शंभरीपार गेलाय. म्हणजे चाळीस लाखांच्या घरात गेलं प्रकरण. एवढ्यात जगप्रदक्षिणा होईल. प्रवासाचे पैसे प्रवासलेखन शिकण्यात घालवायचे, हा हिशेब मला लागत नाही.

भाची : जगप्रदक्षिणा करून आलेल्यांची पुस्तकं आपण दोघांनी वाचली आहेत. सकाळी सहाला उठवलं, नाश्त्याला अंडी होती, बस वेळेवर आली, गाइडने राजवाड्याची माहिती सांगितली, आणि उपम्याची आठवण आली. पाय फिरले की हात लिहिता झाला, असं होत नाही रे.

मामा : आणि शाळेत बसून होतो?

भाची : मी आज काय करते ते बघ. ‘पावसाळ्यात कर्जतजवळची दहा ठिकाणं’. त्यातल्या चार ठिकाणी मी गेलेलीच नाही. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचून लिहिते, उद्या माझं वाचून तिसरा कुणी लिहील. कलावंतिणीच्या पायऱ्यांवर रविवारी जी रांग लागते, ती असल्या लेखांनीच लावलेली असते. यातून बाहेर पडायचं तर कुणीतरी मला थांबवून विचारायला हवं, की हे वाक्य तू पाहून लिहिलंस का ऐकून?

एवढ्यावर मामा गप्प बसेल असं मला वाटलं होतं. तो पुस्तकांकडे वळला, आणि तिथे त्याला हरवणं अवघड.

मामा : मला एक नाव सांग, जो प्रवासलेखन शिकायला गेला आणि प्रवासलेखक होऊन आला. पु. ल. 1958 मध्ये लंडनला गेले ते बीबीसीत टेलिव्हिजन शिकायला, आणि हाती लागलं ‘अपूर्वाई’. मीना प्रभू डॉक्टर म्हणून तिथे राहिल्या, आणि ‘माझं लंडन’ लिहिलं. नेमाडे लंडनला गेले, पण ते शिकवायला. आपल्या उरणचे दि. बा. मोकाशी पुण्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे. ते आळंदीहून पंढरपूरला चालत गेले, आणि ‘पालखी’ लिहून बसले. सगळे निघाले होते दुसऱ्याच कामाला. पुस्तक वाटेत झालं.

भाची : पंडिता रमाबाई?

मामा : त्यासुद्धा डॉक्टरकी शिकायला गेल्या होत्या. ऐकू कमी यायला लागलं म्हणून ते राहिलं. 1883 च्या एप्रिलमध्ये त्या मुंबईहून बोटीत बसल्या. आता हे साल लक्षात ठेव. त्याच वर्षी फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडके एडनच्या तुरुंगात वारले. हे आपल्या शिरढोणचे. त्या तुरुंगातून दार उखडून पळाले होते, पण पुन्हा सापडले. विलायतेच्या वाटेवर ते एडन. आणि इकडे पेण तालुक्यात, वरसईला, विष्णुभट गोडसे त्याच वर्षी जुन्या प्रवासाची हकीकत लिहीत होते. सत्तावन्नच्या बंडात सापडलेला, झाशीच्या वेढ्यात शहरात अडकलेला माणूस. घरातून निघाला होता कशाला, तर बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल, डोक्यावरचं कर्ज फिटेल म्हणून. येताना काय आणलं? आईबापांसाठी गंगेची कावड. आणि हे सगळं कागदावर उतरलं पंचवीस वर्षांनी. कोणत्या विद्यापीठाने शिकवलं त्याला?

1883 ची ही तिहेरी गाठ मामाने याआधीही मला ऐकवली आहे, आणि दर वेळी ती मला पटते. रायगड जिल्ह्याच्या या पट्ट्यातला एक माणूस साखळदंडात देशाबाहेर नेला गेला, एक स्वतःहून बाहेर जाऊन परत आला, आणि ज्या वर्षी पहिला संपला त्याच वर्षी दुसरा लिहायला बसला. पण भाचीने ती गाठ ज्या टोकाने ओढली, ते मला सुचलं नव्हतं.

भाची : विष्णुभटांनी लिहिलं ते छापलं कधी?

मामा : 1907. चिंतामणराव वैद्यांनी. लेखक गेल्यानंतर.

भाची : आणि जसंच्या तसं छापलं?

मामा : नाही. भाषा नीटनेटकी केली, काही मजकूर गाळला. मूळ बरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढली, 1966 मध्ये.

भाची : म्हणजे भटजींना संपादक भेटला तो शहरातला, शिकलेला, आणि त्याने स्वतःच्या मनाने कातरी चालवली. लेखक समोर नव्हता, त्यामुळे ‘हे का काढलंत’ असं विचारायची सोय नव्हती. साठेक वर्षं आपण वैद्यांचे गोडसे भटजी वाचत होतो. मला जिथे जायचंय तिथे मी जिवंत असताना माझं लिखाण कापलं जाईल, माझ्या तोंडावर. आठवडाभर आधी सगळ्यांना मजकूर वाटतात. वर्गात बाकीचे बोलतात आणि लिहिणाऱ्याने ऐकून घ्यायचं. आयोवा विद्यापीठात 1936 पासून ही पद्धत चालू आहे, आता जगभर गेली आहे. आपल्याकडे काय होतं? पुस्तक लिहायचं, प्रकाशन समारंभ करायचा, पाहुणे म्हणतात, लेखिकेने आपल्याला घरबसल्या फिरवून आणलं. संपलं.

मामा : ऐकून घ्यायला चाळीस लाख? मी फुकट बोललो असतो.

भाची : तू मामा आहेस. तू बोललास तर मला राग येतो, नाहीतर रडू येतं. अनोळखी पंधरा माणसांनी वाचलं, तर काहीतरी कळतं.

माझं मत विचाराल तर इथे भाची पुढे होती. मराठीत प्रवासवर्णन भरपूर लिहिलं जातं, पण त्याची झाडाझडती फारशी कुणी घेत नाही. कवितेची घेतात, कादंबरीची तर सोडतच नाहीत. प्रवासवर्णनाला मात्र पाहुण्यासारखं वागवतात. सोफ्यावर बसवायचं, चहा द्यायचा, वाकड्यात शिरायचं नाही. पण लंडनला जायचं आणखी एक कारण म्हणून भाचीने मध्येच ब्रिटिश लायब्ररीचीही कड घेतली होती, ती मला लंगडी वाटली. ज्या जुन्या पुस्तकांसाठी तिला तिथे बसायचं होतं, त्यातली बरीचशी आता घरबसल्या उघडतात. आणि पैशाच्या बाबतीत मामाला माझ्याकडे तोड नाही. अभ्यासक्रम संपल्यावर तिथे राहून काम करायला मिळणारा काळ दोन वर्षांवरून अठरा महिन्यांवर आणायचं ब्रिटिश सरकारने ठरवलं आहे. 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना तो नियम लागेल. प्रवासलेखनाच्या जोरावर अठरा महिन्यांत चाळीस लाख फेडलेला माणूस माझ्या माहितीत नाही, आणि भाचीच्याही नाही.

खरी वादावादी झाली ती वेगळ्याच गोष्टीवरून. अर्जाबरोबर इंग्रजीतून लेखनाचा नमुना द्यावा लागतो. भाचीने पनवेल ते महाड अशा एस.टी.च्या प्रवासावर लिहिलं होतं. मामाने तो कागद चष्मा पुसून दोनदा वाचला.

मामा : पहिल्याच परिच्छेदात एस.टी. म्हणजे काय ते सांगितलंयस. दीड ओळ. पुढे वडापाव म्हणजे काय, एक ओळ. मग मुंबईकर चाकरमानी गणपतीला गावी का जातात, अख्खा परिच्छेद. हे तू माझ्यासाठी लिहिलेलं नाहीस.

भाची : नाहीच लिहिलेलं. तिथल्या माणसाने वाचायचंय.

मामा : मग मी कोण? तुझ्या लेखात वाहतूक नियंत्रक आहे. ‘शिट्टी वाजवणारा मिशाळ माणूस’ म्हणून. तो मीच ना? त्याच्या हातात वही आहे असं तू लिहिलंस. त्या वहीत काय असतं ते लिहिलं नाहीस. कुठली गाडी किती उशिरा आली, कुठली रद्द झाली, कुणाच्या ड्युटीला कोण उभा राहिला, हे सगळं त्या वहीत. गणपतीच्या दिवसांत जादा गाड्या सोडताना ती वही चुकली तर पोलादपूरपर्यंत ओरड. तुला त्याच्या मिशा दिसल्या, कारण लंडनवाल्याला मिशाच दिसणार.

हे तिला लागलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मी विषय बदलायला कळंबोलीच्या ट्रॅफिकवर काहीतरी पुटपुटलो, पण दोघांनीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

भाची : बरं. वही मी घालीन. पण तू मघाशी पु. लं.चं नाव घेतलंस. ‘अपूर्वाई’ पुस्तक होण्याआधी ‘किर्लोस्कर’मध्ये क्रमशः यायची. तिचा वाचक पुण्यात, कोल्हापुरात, साताऱ्यात. त्याला लंडन समजावून सांगताना कुठल्या तरी इंग्रज कंडक्टरच्या नुसत्या मिशाच आल्या असतील की. तेव्हा तुला मजा वाटली. कारण सोफ्यावर आपण बसलो होतो आणि गंमत त्यांची चालली होती.

मामा : पु. ल. स्वतःचीच गंमत जास्त करायचे.

भाची : खरंय. पण समजावून सांगणं आलंच ना? मराठीत आपण सगळं जग समजावून घेतलं. रशिया, जपान, इजिप्त, इराण. रमाबाईंनी 1889 मध्ये अमेरिकेवर लिहिलं ते तर राज्यकारभार, शिक्षण, स्त्रियांची स्थिती अशी प्रकरणं पाडून. आणि आपल्याला कुणी समजावून सांगितलं? साहेबांनी. मारिया ग्रॅहमचं पुस्तक 1812 चं. त्यात पनवेल आहे, पुण्याच्या वाटेवर होडीतून उतरायची जागा म्हणून. दोनशे वर्षांनंतरही इंग्रजीत पनवेल तेवढंच आहे, उतरायची जागा.

मामा : असू दे की. आपल्याला कुणी समजावून सांगायला हवंय असं कुणी म्हटलं?

भाची : मोकाशींचं कुणी सांगितलं म्हणून अमेरिकेतल्या विद्यार्थ्याच्या हातात ‘पालखी’ पडली. फिलिप एंगब्लोमने इंग्रजीत नेली. गोडसे भटजींना प्रिया आडारकर आणि शांता गोखल्यांनी 2014 मध्ये इंग्रजीत आणलं. तेव्हा तुझी हरकत नव्हती, तू ती कात्रणं जपून ठेवलीस.

मामा : हरकत कशाला असेल? मोकाशींनी ते मराठी माणसासाठी लिहिलं होतं. वारीत ते वारकरी म्हणून चालले नाहीत, पाहणारा म्हणून चालले, पण वारी म्हणजे काय हे सांगत बसावं लागलं नाही. म्हणून ती पुढची गोष्ट बघू शकले. कुणाचा पाय सुजलाय, कोण कुणाशी भांडलंय, तंबूत झोपायला जागा कशी मिळवायची. ते इंग्रजीत गेलं तेव्हा तसंच्या तसं गेलं. तू पहिल्यापासूनच इंग्रजीकडे तोंड करून बसलीस तर वाट सांगण्यातच जन्म जाईल.

माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा इथे आहे, आणि त्याचा लंडनशी संबंध दिसतो त्यापेक्षा कमी आहे. पनवेलमध्ये राहूनही माणूस परक्या वाचकाकडे तोंड करून लिहू शकतो. भाचीची ‘दहा ठिकाणं’ मराठीतच असतात, पण ती मुंबईच्या मोटारवाल्यासाठी असतात. प्रबळगडाच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतल्या बाईसाठी नसतात. उलट परदेशी राहून घरच्या माणसाला पत्र लिहावं तसं लिहिता येतं. रमाबाईंचं ‘इंग्लंडचा प्रवास’ मुळात एक पत्रच होतं, सदाशिव पांडुरंग केळकरांना लिहिलेलं. वाचणारा ठरला म्हणजे काय सांगायचं आणि काय गाळायचं ते आपोआप ठरतं. लंडनचा वर्ग तिचा वाचक ठरवून टाकेल, ही मामाची भीती. तिची अडचण अशी, की आज तिला वाचकच नाही, नुसती गिऱ्हाइकं आहेत. दोघंही खरं बोलत होते.

मामा : मोठं शहर हवंय ना? हार्बर लाइनला बस, दीड तासाच्या आत सीएसएमटी.

भाची : मुंबईत मला कुठल्या डब्यात चढायचं ते माहीत आहे, भीक मागणाऱ्याला नाही म्हणायचं कसं ते माहीत आहे. म्हणून मला आता काहीच दिसत नाही. जिथे साधं तिकीट काढताना फजिती होते अशा गावात वर्षभर राहायचंय. माझ्यासाठी तोच अर्धा अभ्यासक्रम आहे.

मामा : फजिती बघायची तर कळंबोलीच्या स्टील मार्केटला जा. पंजाबातून, राजस्थानातून, बंगालमधून ट्रक येतात. माल उतरेपर्यंत दोन-दोन दिवस ड्रायव्हर तिथेच पडून असतो. भाषा येत नाही, गावात ओळखीचं कुत्रं नाही. सबंध देश फिरलेली माणसं तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर ट्रकखाली झोपतात. त्यांच्यावर मराठीत किती लिहिलं गेलंय, ते शोधून मला सांग.

भाची : तिथे मी एकटी गेले तर तूच पहिला ओरडशील.

मामा : ओरडेन. मग बरोबर येईन.

(मामाची ही तयारी मला नवी होती. निवृत्तीनंतर बाजारापलीकडे न गेलेला माणूस!)

मग बोलणं विमानतळावर आलं. त्याच्यासाठी दहा गावं उठली. त्यातल्या कित्येकांची नवी घरं थोड्याच अंतरावर आहेत, पण शेत नाही, खाडी नाही. ते आजवरचं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात लांबचं स्थलांतर आहे, असं भाची म्हणाली. वाक्य चांगलं आहे, पण जरा सजवलेलं आहे, असं मामाचं मत पडलं. पुढे त्याने वरसईचा विषय काढला. नवी मुंबईला पाणी पुरवायला बाळगंगा नदीवर धरण घातलंय, ते वर्षानुवर्षं रखडलंय, आणि त्यात बुडायच्या गावांच्या यादीत वरसई आहे. विष्णुभटांचं वरसई.

भाची : हे तू आत्ता सांगतोयस?

मामा : पेपरात येतं की. तुम्ही वाचत नाही.

भाची : माझा नमुना मी बदलते. महाडचं राहू दे. वरसईवर लिहिते. कर्जासाठी बाहेर पडलेला माणूस जिथे कावड घेऊन परतला, ते गाव आता दुसऱ्यांच्या नळासाठी उठायचंय.

मामा : लिही. पण धरण म्हणजे काय ते सांगू नकोस.

भाची : आणि गोडसे भटजी कोण ते? तिथल्या मास्तरला कळायला नको?

मामा : नाही कळलं तर विचारेल. एवढी फी घेतोय.

भाची : फी घेण्याआधी प्रवेश द्यायचा असतो, मामा. नमुना वाचून काहीच कळलं नाही तर तो मला विचारत बसणार नाही, सरळ पुढचा अर्ज उचलेल.

मामा : मग मराठीत एक लिही आणि इंग्रजीत एक. मराठीतलं आधी.

भाची : दोन्ही सारखी होणार नाहीत.

मामा : होऊच नयेत. मराठीतली मला दे. त्यात मिशा दिसल्या तर बघ.

भाची : आणि प्रवेश मिळाला तर?

मामा : तुझी आई आणि बँक बघून घेतील. पेणच्या गाडीचं विचार, ते मी सांगतो.